तंबोऱ्यातला भुंगा

मैत्रिणींनो, घरात कुठंतरी काहीतरी वाजतंय आणि ते कुठं वाजतंय ते काही केल्या सापडत नाही, हा छळ तुमच्या ओळखीचा असेलच. फ्रिज सुरू झाला की त्याच्यावरची चाव्यांची वाटी कुरकुरते. मिक्सर लावला की खिडकीची काच थरथरते आणि आपण मिक्सरवाल्याला बोल लावतो. माझ्या घरात असा एक आवाज होता. तो शोधायला मला इतकी वर्षं लागली की सांगायची लाज वाटते. पण सांगते, कारण त्या आवाजापायी मी गाणं बंद केलं होतं.

माझं माहेर सांगलीकडचं. १९८७ साली लग्न होऊन मी भंडाऱ्याला आले, तेव्हा आईने माझ्याबरोबर तिचा तंबोरा दिला. मिरजेचा होता. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी होतात. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले फरीदसाहेब या धंद्यात आले आणि त्यांच्या घराण्याला सतारमेकर हेच नाव पडलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, हाडाची घोडी. आईने संसारातून पैसे वाचवून तो घेतला होता, आणि "हिच्यापाशी राहू दे" एवढंच बोलून तो माझ्या सामानात ठेवला.

भंडारा म्हणजे पितळ्याचं गाव. आमच्या सासरच्या माजघरात एक लांबच लांब लाकडी फळी होती, अजूनही आहे. तिच्यावर सासूबाईंच्या माहेरची भांडी: गंज, चरव्या, कोपर, एक मोठं घंगाळ, आणि अगदी टोकाला पोटाळ गुंड, त्याच्यावर पालथा घातलेला गडवा. (आमच्याकडे ज्याला तांब्या म्हणतात त्याला इकडे गडवा म्हणतात.) ही भांडी दिवाळीआधी चिंच लावून घासली जात आणि परत ज्याच्या त्याच्या जागी जात. नव्या सुनेने त्यांची जागा बदलायची नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

माजघरातच मी संध्याकाळी दिवेलागणीनंतर तंबोरा घेऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात खर्जाच्या तारेबरोबर एक बारीक घर्र्‌ऽऽ ऐकू आलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अवं सुनबाई, तुह्या तंबोऱ्यात भुंगा शिरला का?"

मला ते झोंबलं. इकडची बोली मला नवी होती. तिच्यातली माया कुठली आणि टोमणा कुठला हे कळायला मला पुढे चार-पाच वर्षं लागली. दोन-चार दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, "सकाळी गात जाय ना. सकाळचा चांगला वाजते." सकाळी! सकाळी पाणी भरायचं, डबे करायचे, मामाजींचं पथ्याचं वेगळं. सकाळी गा म्हणजे गाऊ नको, असाच अर्थ मी घेतला. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय अर्थ घेतला असता? महिनाभर कुढत गायले, आणि एक दिवस तंबोऱ्याला खोळ घालून तो कपाटावर आडवा टाकला. कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. पुढे शाळेत नोकरी लागली, मुलं झाली, आणि खोळीवर धूळ बसत गेली.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी खोळ काढली. आई तोवर गेली होती. तारा गंजल्या होत्या, खुंट्या पावसाळी हवेने फुगून घट्ट बसल्या होत्या. त्यांना खडू लावून कशाबशा फिरवल्या, नव्या तारा चढवल्या: तीन पोलादाच्या, खर्जाची पितळेची. माझी पट्टी काळी चार. लावून पहिल्या संध्याकाळी छेडला, आणि घर्र्‌ऽऽ. तोच भुंगा, इतक्या वर्षांनी! आईचं वाद्यच सदोष होतं की काय, या विचाराने मला रात्रभर झोप नाही.

आता तंबोऱ्याची गंमत अशी की झंकारणं हेच त्याचं काम. सतार-तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता, बाकदार. तार कंप पावताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते, आणि त्यातून तो भरलेला, फुलत जाणारा आवाज येतो. तीच जवारी. तारेखाली आपण सुताचा धागा सरकवतो तो ती टेकण्याची जागा नेमकी साधण्यासाठी. रामन यांनी १९२१ साली यावर निबंध लिहिला होता. तार ज्या जागी छेडावी त्याप्रमाणे काही वरचे स्वर नियमाने ऐकू यायला नकोत, ते या घोडीमुळे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे ज्या वाद्याने झणझणायचंच, त्यात नको ती झणझण शोधायची. डाळीत खडा शोधणं परवडलं.

तरी मी शोधली. खर्जाच्या तारेतला मणी सैल असेल म्हणून तो घट्ट केला. धागा बदलला. तारेचं टोक खुंटीपाशी मोकळं राहून दांडीवर आपटत असेल म्हणून ते कापलं. भोपळ्यावर बोटांनी वाजवत गेले, कारण भोपळ्याला बारीक चीर गेली तर तिथला आवाज बद्द येतो. चीर नव्हती. मग एका मोठ्या शहरातल्या दुकानात घेऊन गेले. तिथल्या माणसाने वाद्य नीट छेडूनही न पाहता "जवारी गेली" म्हटलं आणि घोडी घासून दिली. पैसे गेले त्याचं नाही, पण घरी आणल्यावर आवाज चिपाडासारखा कोरडा, आणि भुंगा जागच्या जागी. बायांनो, वाद्य काय किंवा शिलाई मशीन काय, कारण कळल्याशिवाय कानस लावू देऊ नका. घासलेलं हाड परत येत नाही.

शेवटी ठरवलं, मिरजच गाठायची. वरठीला भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता मिरज येते, मात्र दिवस आणि रात्र दोन्ही गाडीत जातात. तंबोरा मी बर्थवर झोपवला आणि स्वतः बसून राहिले. यांनी फोनवर तीनदा विचारलं, "जेवलीस का?" तंबोऱ्याचं कसं आहे हे चौथ्यांदा विचारलं.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधीपासूनच त्या गल्लीत गेलं की लाकडाचा आणि पॉलिशचा वास येतो आणि चार घरांआड कुणीतरी तार लावत असतं. एका म्हाताऱ्या कारागिरांनी माझा तंबोरा मांडीवर घेतला. एकेक तार वेगळी छेडली, बाकीच्यांवर तळवा ठेवून. मग भोपळ्याला कान लावला. आधी घोडीची चूक त्यांना दिसली, तिच्यावर ते हळूहळू, कागदाने पुसावं तशी कानस फिरवत राहिले. तासाभराने आवाज उमलला. मी म्हटलं, "आणि भुंगा?" ते म्हणाले, "बाई, ह्याच्यात भुंगा नाही. घर बघा."

मला वाटलं, टाळलं यांनी मला. परत आले, संध्याकाळी छेडला. घर्र्‌ऽऽ.

मैत्रिणींनो, त्या रात्री मी यांना म्हटलं की आता हा कुणाला तरी देऊन टाकू. हे काही बोलले नाहीत. पलीकडच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काहून देता? सकाळी गाय म्हणलं ना." वय वर्षं ८८, आणि पुन्हा तेच वाक्य! मी दार ओढून घेतलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडईला नागपूरचा भाचा आला. तो एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. चार जाड तारा, आणि सगळ्यांत खालच्या तारेला सेकंदाला सुमारे ४१ कंपनं, ऐकू येण्याआधी छातीत कळतात. माझी कहाणी ऐकून तो हसायलाच लागला. म्हणाला, "मामी, माझं असंच झालं होतं. महिनाभर गिटारचे स्क्रू आवळले, तारा बदलल्या. आणि वाजत काय होतं? कोपऱ्यातला ड्रम! त्याच्या खालच्या अंगाला तारांची जाळी असते, ती माझ्या एकाच सुराला थरथरायची."

मग त्याने मला शोधायची रीत दाखवली. ती तुम्हालाही सांगते, मिक्सरच्या कुरकुरीलाही चालेल. आवाज करणाऱ्याने स्वतः शोधायचं नाही. एकाने एकच सूर सारखा वाजवत राहायचं, दुसऱ्याने खोलीभर फिरून एकेका वस्तूवर बोट टेकायचं. बोट टेकताच आवाज थांबला, की सापडला चोर. दुसरं म्हणजे सूर थोडा उतरवून पाहायचा. दोष वाद्याचा असेल तर तो बहुधा बरोबर येतो. खोलीतल्या वस्तूचा असेल तर एकाच सुरापाशी उठतो, कारण प्रत्येक वस्तूचा थरथरायचा आपला एक ठरलेला सूर असतो.

मी खर्ज पांढरी चारवर उतरवला. भुंगा गप्प! पुन्हा काळी चारवर आणला, घर्र्‌ऽऽ. भाचा फिरू लागला. खिडकी, कॅलेंडर, दिव्याची कडी, देवघराची घंटा. मग पितळी फळी. गंज, चरव्या, कोपर, घंगाळ. टोकाशी जाऊन त्याने गुंडावरच्या गडव्यावर दोन बोटं ठेवली.

माजघर स्वच्छ झालं. फक्त तंबोरा वाजत होता. आईच्या घरी वाजायचा तसा.

गडव्याचा काठ एका जागी चेपलेला होता, म्हणून तो गुंडाच्या गळ्यावर नीट बसत नव्हता आणि खर्जाबरोबर किंचित नाचत होता. बोट काढलं की भुंगा, ठेवलं की गप्प. भाचा चारदा करून दाखवत होता आणि हसत होता. मला हसू येईना. मी फळीकडे बघत उभी राहिले, कारण तो गडवा रोज सकाळी फळीवर नसतो. सासूबाई आंघोळीनंतर तो काढतात, तुळशीला त्याने पाणी घालतात, आणि तो दुपारपर्यंत अंगणात तुळशीपाशीच असतो. दुपारी पुसून परत गुंडावर. लग्नाच्या आधीपासून हाच क्रम.

सकाळचा चांगला वाजते.

त्यांना गडव्याचं ठाऊक नव्हतं. पण सकाळी कधी मी सुटीच्या दिवशी चार सूर छेडले असतील, तेव्हा भुंगा नसतो एवढं त्यांच्या कानाने टिपलं होतं. आणि मी काय ऐकलं होतं?

मी त्यांच्या खोलीत गेले, खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. कपाटावर तंबोरा का टाकला तेही, पहिल्यांदाच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तं समजली, तुले नोकरीपायी वेळ नाही. म्या कव्हा गाऊ नको म्हणलं बाप्पा?" थोड्या वेळाने, "तो गडवा माह्या मायचा हाय. चेपला तो मीच पाडला, विहिरीवर. लहान होती."

गडवा कासाराकडून ठोकून सरळ करून आणू का, असं मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. फळीवरून कायमचा हलवायचं माझ्याही मनाला येईना.

आता संध्याकाळी दिवा लावून झाला की सासूबाई भिंत धरत माजघरात येतात. हात पोचत नाही, म्हणून मला गडवा काढून द्यायला लावतात, आणि तो मांडीत घेऊन पाटावर बसतात. मग मी तंबोरा लावते. मध्येच त्या मुद्दाम गडवा गुंडाच्या गळ्यावर टेकवायला सांगतात, भुंगा ऐकून खुदखुदतात, आणि म्हणतात, "काढ आता. गाय."