मोजून दिलेले पाणी

माढा तालुक्यात कारकुनी करीत असताना, 1972 च्या दुष्काळात, कामावरील मजुरांच्या हजेरीपटाबरोबर त्यांच्या पिण्याच्या पाण्याचाही हिशेब मी महिनोन्महिने ठेवला होता. परंतु घरात पाण्याने भरलेला रांजण असताना सहा वर्षांच्या नातवाचे घोट मोजण्याची पाळी मजवर येईल, हे कधी मनातही आले नव्हते.

त्यास रक्ताचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावण्यात आले होते की औषधाने रोगट पेशी भराभर फुटतात, त्यांतून उत्पन्न होणारे यूरिक आम्ल मूत्रपिंडांत साचू नये म्हणून पाणी भरपूर पाजा. तो हुकूम आम्ही शिरसावंद्य मानला, आणि पुढेही तो तसाच लागू आहे किंवा कसे, याची खातरजमा मी केली नाही. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरील औषधाच्या दुसऱ्या इंजेक्शनानंतर मोडनिंबास घरी आणल्यावर पोराचे पोट साफ होईना. म्हणून त्याच्या आजीने तांब्या उशाशीच ठेवला आणि "एक घोट घे रे बाळा," असे विनवीत ती दिवसभर त्यास पाणी पाजीत राहिली. पाचव्या दिवशी तो ग्लानीत गेला, दोनदा ओकला, आणि पहाटे त्यास आकडी आली.

सोलापुरास रक्त तपासले, तो सोडियम 118. असावयास हवे 135 ते 145. "अळणी खाणे झाले काय?" मी विचारले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही आजोबा, मीठ घटलेले नाही, पाणी वाढले आहे." शरीरात पाणी राखून ठेवण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून सुटते, व्हिन्क्रिस्टिनने कधी कधी ती आज्ञा थांबतच नाही, मूत्रपिंडे पाणी सोडीत नाहीत, रक्त पातळ होते आणि मेंदूस सूज चढते. हे औषध ज्या सदाफुलीपासून काढतात, ती आमच्या वृंदावनापाशी बारमाही फुललेली असते.

तीन टक्क्यांचे मिठाचे पाणी शिरेतून, फार जपून दिले गेले. सोडियम घाईने चढविल्यासही मेंदूस इजा पोहोचते. पिण्यास मात्र चोवीस तासांत अवघे सातशे मिलिलिटर. मी वही आखली, वेळ व माप लिहू लागलो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ओठ सुकलेला तो जीव रात्री, "आबा, थोडेच," म्हणे, आणि मी घड्याळाकडे पाही.

चौथ्या दिवशी सोडियम 134 झाले, बंदी उठली. तांब्या मी त्याच्या आजीच्या हाती दिला. तिने तो क्षणभर धरला आणि, "तुम्हीच पाजा," म्हणून मला परत केला.