लांब टेकडीपासून सेपांगपर्यंत

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना सेंतोसा दाखवतो, मरिना बे दाखवतो, मुलं बरोबर असली तर प्राणिसंग्रहालय. बुकित पंजांग काही कोणी दाखवत नाही. मलायमध्ये बुकित म्हणजे टेकडी आणि पंजांग म्हणजे लांब. या लांब टेकडीच्या अंगाखांद्यावर आता एचडीबीच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून १९९९ साली सुरू झालेली छोटी एलआरटी वळणं घेत फिरते. तिच्या स्टेशनांची नावं मात्र सुरेख. फजर म्हणजे पहाट, सेंजा म्हणजे तिन्हीसांज, पेतिर म्हणजे कडाडणारी वीज!

पण मोटारींचं वेड असलेल्या माणसाने बुकित पंजांगला एकदा तरी यावं. दक्षिणेला थोडं अंतर गेलं की अप्पर बुकित तिमा रोडवर जुना फोर्ड कारखाना आहे. १९४१ साली तो सुरू झाला आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला याच इमारतीत ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. शाळेतून सहलीला नेतात ते त्यासाठीच. पण युद्धानंतर १९८० पर्यंत तिथे मोटारी जुळवल्या जात होत्या, हे मुलांच्या फारसं कानावर पडत नाही.

आणि पूर्वेला? मंडाई रोड धरायचा, प्राणिसंग्रहालयाचा फाटा उजवीकडे सोडायचा, अप्पर थॉमसन रोडला लागायचं. पुढे जंगलाच्या कडेने एक अरुंद, वळणावळणाचा रस्ता फुटतो. तो ओल्ड अप्पर थॉमसन रोड. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण १९६१ ते १९७३ या काळात सिंगापूरची ग्रां प्री याच रस्त्यावर होत असे. (मधली काही वर्षं तिचं नाव मलेशियन ग्रां प्री होतं.) एक फेरी सुमारे ४.८ किलोमीटरची. त्यातल्या वळणांची नावं ऐका: 'द स्नेक्स', 'डेव्हिल्स बेंड', 'सर्कस हेअरपिन'. कडेला विजेचे खांब, बसथांबे आणि पावसाळी पाण्याची खोल गटारं. १९६४ ची शर्यत पावसामुळे मध्येच सोडून द्यावी लागली. काही स्पर्धकांचे इथे जीव गेले. १९७३ नंतर शर्यत बंद झाली आणि मला विचाराल तर ते योग्यच झालं. रस्ता तो रस्ता, ट्रॅक तो ट्रॅक.

मात्र या रस्त्याने एक गोष्ट फार चांगली दाखवून दिली. १९६२ साली इथे जिंकली जॅग्वार ई-टाइप. ३.८ लिटरचं इंजिन, वजन बाराशे किलोच्या आसपास. पुढच्याच वर्षी, १९६३ ला, हाँगकाँगच्या आल्बर्ट पून यांनी लोटस २३ घेऊन बाजी मारली आणि १९६५ ला तीच गाडी घेऊन पुन्हा. लोटस २३ चं वजन चारशे किलोच्या आसपास, म्हणजे जॅग्वारच्या तिसरा हिस्सा! इंजिनही जॅग्वारच्या निम्म्याहून लहान. (त्या काळच्या लोटसच्या ट्विन कॅम इंजिनाचा ब्लॉक मुळात फोर्डचा, हे आमच्या फोर्डवाल्या शेजाराच्या अभिमानासाठी.)

यात जादू काही नाही. कात्रजच्या घाटातून भरलेला ट्रक आणि एम-ऐंशी एकदम उतरताना आठवा. ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येतो, एम-ऐंशीवाला शीळ घालत जातो. वजन कमी असलं की ब्रेक कमी तापतात, टायर कमी झिजतात, वळणावर गाडी बाहेर फेकली जात नाही. सरळ रस्त्यावर ताकदवान गाडी पुढे जाईल, पण साप-वळणं आली की हलकी गाडी तिला गाठते. लोटसचे कॉलिन चॅपमन यांचं सारं आयुष्य या एका ध्यासात गेलं.

त्याची दुसरी बाजूही आहे. १९६२ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर जिम क्लार्क याच लोटस २३ मध्ये बसून मोठमोठ्या फेरारींच्या पुढे पळत होते. एक्झॉस्टचा पाइप तुटला, धूर गाडीत शिरला, क्लार्क गुंगले आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. वेग कोणाकडे जास्त होता हे सगळ्यांनी पाहिलं, पण शेवटच्या रेषेवर ती गाडी नव्हती.

आमच्या ब्लॉकमधला एक मुलगा (आईवडील सोलापूरचे, तो जन्माने इथला) मागे लिफ्टपाशी म्हणाला, "काका, जुनी लोटस एलिस घेऊ का माझदा एमएक्स-५? ट्रॅकवर न्यायची आहे." म्हटलं, "बाबा रे, आधी ट्रॅक कुठे आहे ते बघ."

कारण सिंगापुरात कायमचा ट्रॅक नाहीच. २००८ पासून मरिना बेला फॉर्म्युला वनची रोषणाई होते, पण ते शहराचेच रस्ते, आपल्याला तिथे कोण सोडणार? त्यामुळे हौशी मंडळी निघतात सेपांगला. ते १९९९ साली उघडलं, एक फेरी साडेपाच किलोमीटरची. बुकित पंजांगहून बीकेईने वूडलँड्सचा पूल गाठायचा आणि पुढे मलेशियाचा हमरस्ता, जायला तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि यायला तेवढंच. म्हणजे गाडी तिथे जाऊन उन्हात दिवसभर पिदडली जाणार आणि रात्री त्याच गाडीत बसून घरी यायचं. सोमवारी ऑफिस!

आता त्या दोन गाड्या. एलिस १९९६ ला आली आणि २०२१ ला बंद झाली. तिचा सांगाडा अल्युमिनियमचा आणि चक्क डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने, चिकटवलेला. त्याचं वजन ६८ किलो, एखाद्या माणसाएवढं. पहिल्या एलिसचं एकूण वजन सव्वासातशे किलोच्या घरात. वळणावर तिच्यासारखी तीच. पण सुरुवातीच्या एलिसमध्ये रोव्हरचं के-सिरीज इंजिन होतं आणि त्याचं हेड गॅस्केट हे जुनं दुखणं. रेडिएटर पुढे, इंजिन पाठीमागे, मधून पाण्याच्या लांब नळ्या. त्यात हवा अडकली किंवा पाणी थोडं कमी झालं की इंजिन तापतं आणि गॅस्केट जातं. पुढे टोयोटाचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि ही चिंता बरीचशी मिटली. त्यालाही ट्रॅकवर एक जपावं लागतं. वेगात घेतलेल्या लांब वळणावर तेल संपमध्ये एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा लागते. म्हणून जाणती माणसं तेलाच्या संपमध्ये आडपडदे बसवून घेतात.

एमएक्स-५ १९८९ ची. पहिली साडेनऊशे किलोच्या आसपास, आत्ताची हजाराच्या थोडी वर. शुद्ध वेगात एलिसपुढे ती मागे पडते, यात वाद नको. पण इंजिन पुढे, साधी रचना, सुटे भाग सहज मिळणारे. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. दहा लाख लोक वेडे नसतात. केटरहॅम सेव्हन याहून हलकी, पण तिला धड दार नाही आणि जोहोरच्या पावसात तीनशे किलोमीटर तिच्यात बसणं म्हणजे तपश्चर्या.

(आपल्याकडेही असा एक प्रयत्न झाला होता बरं का. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनत असे. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनोचं १.२ लिटर. ट्रॅकची गाडी नव्हे ती, पण हलकी गाडी करून पाहण्याची हौस कोकण किनाऱ्यालाही झाली होती.)

शिवाय इथला हिशोब वेगळा. १९९० पासून सीओई आहे. ते दहा वर्षांचं आणि अलीकडे त्याचा भाव लाख डॉलरच्याही वर गेलेला आपण पाहिला. गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तरी सीओईचे दिवस सरतच राहतात. त्यात नेहमीच्या विम्यात ट्रॅकवरचं नुकसान सहसा बसत नाही. इंग्लंडमधल्या माणसाला बिघडणारी एलिस गंमत म्हणून परवडते, आपल्याला बिघाडाचा प्रत्येक महिना भाड्यासारखा पडतो.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं की मनापासून एलिसच हवी असेल तर टोयोटा इंजिनाची बघ, पाण्याच्या नळ्या आणि संप तपासून घे. आणि पहिलीच ट्रॅकची गाडी असेल तर एमएक्स-५ घे, ब्रेकचं तेल आणि पॅड चांगले टाक आणि उरलेल्या पैशात सेपांगच्या चार फेऱ्या जास्त मार. त्याच्या आईला दोन्ही सल्ले आवडले नाहीत, ते वेगळं.

जाताना टाकी पाऊण भरलेली ठेवा, नाहीतर सिंगापूरच्या नाक्यावरूनच परत पाठवतात. पलीकडे परक्या गाडीला रॉन ९५ विकत नाहीत, ९७ घ्यावं लागतं. आणि एखाद्या रविवारी सेपांगऐवजी ओल्ड अप्पर थॉमसन रोडला जा, पण सावकाश. तिथे आता माकडं रस्ता ओलांडतात आणि दुर्मिळ लंगूरांसाठी झाडांमध्ये दोरांचे पूल बांधलेले आहेत.