एक ओळ लिहायची राहून गेली

दुपारची झाकपाक करून मी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली. उघडून बघते तो आई! हातात नेहमीची कापडी पिशवी, कपाळावर घाम. जेलरोडहून आमच्या इंदिरानगरपर्यंत शहात्तर वर्षांची बाई एकटी आली होती. "म्हटलं, दोन दिवस राहून जावं तुझ्याकडे," असं म्हणत ती चपला काढू लागली. पिशवी आत ठेवताना मी सहज डोकावले. दोन पातळं, पोथी आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट. पाकीट रिकामं!

"कधी संपल्या गं?"

"झाले आठ-दहा दिवस. बाळला आठवण करायची म्हणजे... तो दमून येतो बिचारा."

बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. पन्नाशीला आला, पण आईचा अजून बाळच.

दोन महिन्यांतली तिची ही चौथी फेरी होती. आमच्या सासूबाई समजूतदार. त्यांनी काही विचारलं नाही. उलट, "विहीणबाई, बरं झालं आलात, पापडाचं पीठ कुटायला माणूस हवंच होतं," म्हणाल्या. पण मला कळायचं ते कळलं. रात्री अंथरूण घालताना आई हळूच बोलली. मागची खोली भाड्याने दिली होती आणि तिची खाट आता जिन्याखालच्या बोळकंडीत आली होती.

आता या सगळ्यात थोडा माझाही हात आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

वडील सातपूरला कारखान्यात होते. २०१७ साली गेले. जेलरोडची जागा त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेली, इच्छापत्र वगैरे काही केलेलं नाही. म्हणजे कायद्याने आई, मी आणि भाऊ असे तिघं सारख्या हिश्श्याचे वारस. वर्षश्राद्ध झालं आणि भाऊ म्हणाला, "ताई, वर मजला चढवायचाय. घर एकाच्या नावावर असलं तर कर्ज लवकर होतं." एके दिवशी आम्ही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेलो. आईने आणि मी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, अंगठे दिले, फोटो काढले. मुद्रांक २०० रुपयांचा! हल्ली चौघं बाहेर जेवायला गेलो तरी याहून जास्त लागतात. परत येताना भावजयीने मला येवल्याची साडी दिली. ती मी पुढच्या दिवाळीला मोठ्या मिजाशीत नेसले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "माहेरची!"

सही करताना मनात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. भाऊबीजेला कुठे जायचं? आपण बायका त्या एका दिवसासाठी आपला हिस्सा सोडून देतो आणि वर त्यालाच मोठं मन म्हणतो. सोडलाच माझा हिस्सा तर सोडला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण माझ्याबरोबर आईनेही सही केली आणि तो कागद मी नीट वाचलासुद्धा नाही, हे मात्र खुपतं.

आईच्या हाताशी उत्पन्न म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ सालच्या योजनेतलं विधवेचं पेन्शन. ते नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मं असतं आणि कमीत कमी १,००० रुपये. हा कमीत कमीचा आकडा २०१४ साली ठरला. आईला बाराशेच्या आसपास मिळतात. त्यात गोळ्या, डोळ्यांचे थेंब, चष्म्याची काच, देवापुढचं तेल. आपल्या सरकारची श्रावणबाळ योजना आहे, पण ती ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी, घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. मुलाबरोबर राहणारी आई त्यात कुठून बसणार? योजनेचं नाव मात्र मला हसू आणतं. आमच्या बाळला कुणी ते ऐकवावं!

पण भाऊ वाईट नाही हो. दोनदा कंत्राटाची नोकरी सुटली, डोक्यावर मजल्याचं कर्ज, दोन मुलांच्या क्लासच्या फिया. भावजय सकाळी सातला बाहेर पडते ती संध्याकाळी येते. आईला जेवायला मिळतं, कुणी वेडंवाकडं बोलत नाही. फक्त ती घरात आहे हे हळूहळू सगळे विसरत चालले होते.

आमच्या भजनी मंडळात महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई येतात. त्यांच्याजवळ मी मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? कायदा आहे ना!" आणि पेटी मिटून त्यांनी मला तिथेच शिकवणी दिली.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा हा कायदा २००७ सालचा. संसदेने केला, पण तो लागू कधी करायचा हे राज्यांवर सोपवलं. आपल्या महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून आला, नियम २०१० साली झाले. साठी ओलांडलेल्या, स्वतःच्या उत्पन्नात भागत नसलेल्या माणसाला मुलांकडून चरितार्थ मागता येतो. आई-वडिलांना तर वयाचीही अट नाही. कोर्टाची पायरी चढायला लागत नाही. प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, यांच्यापुढे साधा अर्ज करायचा. वकिलाशिवायच काम चालावं अशी कायद्याची कल्पना. नोटीस लागू झाल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी एक महिना. आधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवून जुळतंय का बघता येतं. महिना १०,००० रुपयांपर्यंत चरितार्थ ठरवता येतो. आणि म्हाताऱ्या माणसाला मुद्दाम टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"आणि घर?" मी विचारलं.

"त्याचं कलम २३. कागद काढ बघू तुमचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हक्कसोडपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. कलम असं आहे: म्हाताऱ्या माणसाने बक्षीसपत्राने किंवा अन्य मार्गाने मालमत्ता दिली, ती 'मला सांभाळायचं' या अटीवर दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करून घेता येतो. सगळी मेख त्या अटीत! आमच्या कागदावर 'राजीखुशीने', 'कोणत्याही दबावाविना', 'कायमस्वरूपी' असे सगळे भारदस्त शब्द होते. 'आईला सांभाळीन' एवढं मात्र कुठेच नव्हतं. कारण ते काय लिहायचं असतं? मुलगा आहे, सांभाळणारच.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात सांगितलं की अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम २३ लागू होत नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला. तिथे बक्षीसपत्राबरोबर मुलाने सांभाळण्याचं वचनपत्रही लिहून दिलं होतं. कोर्ट म्हणालं, हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो त्याच अंगाने वाचला पाहिजे. आणि घर आईला परत केलं. म्हणजे आशेला जागा आहे. पण तिथेसुद्धा कुठला तरी कागद होता. आमच्याकडे काय? येवल्याची साडी!

मग आम्ही निदान चरितार्थाचा अर्ज लिहायला बसलो. आईचं नाव, वय, पत्ता. पुढे मुलांची नावं. मी भावाचं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाई म्हणाल्या, "दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

"तुझं. तू तिची मुलगी ना?"

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळाच आला. या कायद्यात मूल म्हणजे मुलगा आणि मुलगीही, नातू आणि नातसुद्धा, फक्त सज्ञान हवेत. लग्न झालं म्हणून मुलगी सुटत नाही. बरं, अर्जात आईने माझं नाव घातलं नाही तरी भाऊ उद्या म्हणू शकतो, ताईलाही यात घ्या. तशी तरतूदच आहे. आणि हे काही आजचं नाही. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीवर तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा लावला होता. लग्न झालेल्या मुलीवर अशी जबाबदारी येत नाही, असं तिचं म्हणणं. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्नाने मुलगी मुलगी राहायची थांबत नाही. नवऱ्याच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या उत्पन्नात ऐपत असेल तर तिनेही आई-वडिलांना सांभाळलं पाहिजे.

मी पतपेढीत नोकरी करते. वीस वर्षं झाली. आईला साड्या घेतल्या, गोळ्या आणून दिल्या, दिवाळीला पाकीट दिलं. पण दर महिन्याला ठरवून पैसे? कधीच नाही. आईही लेकीकडचं काही घ्यायला तयार नसायची आणि मला ते सोयीचं पडत होतं. खरं सांगायचं तर तेच खरं.

आणखी एक गंमत म्हणजे या व्याख्येत सून नाही, जावईही नाही. २०१९ साली लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात दोघांनाही घातलं होतं, पण ते पारित झालं नाही. जबाबदारी मुलाची, पण दुपारी दोनला गोळी हातावर ठेवणारी कोण, हे तुम्ही जाणताच. उलट बाजूने, या कायद्याचा आधार घेऊन सुनेला घराबाहेर काढायचे प्रकारही झाले. त्यावर डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने सुनेला राहत्या घरात जो हक्क दिलाय, तो असा परस्पर मोडता येणार नाही. आपण सगळ्याच कुणाच्या तरी सुना, म्हणून हेही सांगून ठेवते.

अर्ज तयार झाला आणि आईने सही करायचं नाकारलं.

"माझ्या हाताने बाळचं नाव लिहून सरकारात देऊ? पोलीस येतील दारात."

"पोलीस नाही गं येत, प्रांतसाहेब बोलावतात."

"तेच ते."

मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. ती हलली नाही. मुलाला बोल लागण्यापेक्षा बोळकंडीत झोपणं तिला सोपं वाटत होतं. कायदा करणाऱ्यांनी सगळा विचार केला. स्वतःला जमत नसेल तर आईने सांगितलेला माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते, प्रांत आपणहूनही दखल घेऊ शकतात, चौकशीला १४५६७ हा फुकटचा फोनही आहे. पण आईने नको म्हटलं तर काय करायचं, याला कलम नाही.

शेवटी शनिवारी बिनसहीचा अर्ज पर्समध्ये घालून मी जेलरोडला गेले. भावजयीने चहा ठेवला. मी अर्ज टेबलावर ठेवला. भावाने वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मला वाटलं, आता उचलून बाहेर काढणार. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "यात तुझंही नाव आहे, ताई."

"आहे. मीच लिहिलंय."

"किती देशील?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला नव्हता. मी म्हटलं, "महिना दोन हजार. आईच्या खात्यात, पहिल्या तारखेला. औषधं त्यातून. खोली तुझ्याकडची." तो भाड्याचा हिशेब सांगू लागला तशी भावजयच मध्ये बोलली. "वन्सं, भाडेकरूचा करार मार्चमध्ये संपतोय. तोवर आईंची खाट मुलांच्या खोलीत घेऊ. मला रोज त्या बोळकंडीतून जाताना कसंतरीच होतं, पण बोलायचं कुणी?" मी तिला इतकी वर्षं मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून चहा घशाखाली उतरेना.

हे आम्ही वहीच्या पानावर लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. त्याला कायद्यात किती किंमत, ते मी विचारायला गेले नाही. आई परत गेली. खाट मुलांच्या खोलीत आली आहे, गोळ्या वेळेवर आहेत. मार्चमध्ये भाडेकरू खरोखर निघतो की नाही, ते बघायचं. अर्ज माझ्या कपाटात आहे, येवल्याच्या साडीखाली.

या सगळ्या दिवसांत आमच्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. पेपर वाचायच्या, पापड वाळवायच्या. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली ठराव केला होता, आई-वडिलांना न बघणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून थेट आई-वडिलांना द्यायचा, ते एकदा त्यांनीच मला सांगितलं, तेवढंच. मागच्या रविवारी मात्र जेवणं झाल्यावर त्यांनी ह्यांना हाक मारली.

"अरे, हे घर तुझ्या नावावर बक्षीसपत्राने करायचं म्हणत होतास ना?"

"हो आई. मुद्रांक दोनशेचाच आहे."

"कर की. पण मजकूर सूनबाई लिहील." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती ओळ घाल गं. तुमच्याकडे राहून गेली ती."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी वही घेतली आणि लिहिलं: 'लिहून देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत याच घरात राहू देण्याच्या आणि त्यांचं अन्न, वस्त्र, औषधपाणी व देखभाल करण्याच्या अटीवर ही मिळकत दिली असे.'

सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, "राहू देण्याच्या पुढे 'माझ्या खोलीत' असं घाल."

घातलं.