थांब, वर घे जरा

आमच्या घरात फोन एकाच्या हातात असतो आणि सूचना बाकीच्या सगळ्यांच्या. ‘ते निळं दाब.’ ‘आरं, मागं जा.’ ‘थांब, वर घे जरा, काहीतरी दिसलं होतं.’ फोनवाला बिचारा बैलासारखा मान खाली घालून चालतो; कासरा मागे बसलेल्यांकडे.

काही वर्षांमागची भाऊबीज. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, रात्रीची जेवणं आटोपलेली. काकांनी विषय काढला, विहिरीजवळच्या तुकड्याचा सातबारा एकदा बघायला पाहिजे. तलाठ्याकडे जावं तर सुट्टी. पुतण्या म्हणाला, फोनवर दिसतो की! रेंज ओसरीच्या एकाच कोपऱ्यात, तेव्हा सगळं घर त्या कोपऱ्यात जमलं.

पहिलाच प्रश्न, विभाग कोणता? काका म्हणाले, ‘सातारा.’

‘तो जिल्हा झाला, आजोबा. विभाग पुणे.’

‘आपण कधीपास्नं पुण्याचे?’

ते मिटेस्तोवर दोन मिनिटं गेली. तालुका आला, गाव आलं, आणि गट नंबराशी गाडं अडलं. काकांच्या डोक्यात जुना सर्व्हे नंबर. बाबांच्या तोंडी गट नंबर, तोही एखाद्या आकड्याने पुढेमागे. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली पुढे गावोगाव गट पडले, जुने नंबर कागदावरून गेले. बांधावरच्या बोलण्यातून काही गेले नाहीत. सांगतील ते आकडे पोरगं टाकत होतं आणि दुसऱ्यांचीच शेतं उघडत होती. त्यातल्या एकावर काकू म्हणाली, ‘अगबाई, यांचं एवढं आहे?’ मग पाच मिनिटं शोध तिकडेच वळला. एकट्याने शोधताना असल्या मजा होत नाहीत. एकटा असलो की मी रात्री दुखणी शोधतो आणि सकाळपर्यंत तीन आजार अंगाला लावून घेतो. काकू शेजारी असती तर दुसऱ्या ओळीलाच म्हणाली असती, झोप झाली नसेल नीट.

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात मेरेडिथ मॉरिस आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००७ साली ‘सर्चटुगेदर’ नावाचं एक साधन केलं होतं. वेगवेगळ्या संगणकांवरच्या माणसांनी एकच शोध वाटून घ्यायचा, आणि कोणी काय टाकून पाहिलं ते इतरांना दिसायचं, म्हणजे तेच ते पुन्हा होत नाही. पुढच्या वर्षी मॉरिसबाईंनी नोकरदार माणसांची एक पाहणी प्रसिद्ध केली, तर तिच्यात दिसलं की असल्या साधनावाचूनच लोक एकत्र शोधत होते. कोणाच्या तरी खांद्यावरून पडद्यात डोकावणं ही त्यातली अगदी नेहमीची रीत. आमच्या ओसरीवर त्या साधनाचं अर्धं काम काकू करते. ‘ते झालंय मघाशी टाकून,’ एवढं तिचं लक्ष असतं.

सायबर कॅफेचे दिवस आठवतात. दहावीच्या निकालाला एका संगणकामागे अर्धी गल्ली उभी. निकाल बघायला बैठक क्रमांक लागतो आणि आईचं नाव. कॅफेवाला कीबोर्डवरून मान न उचलता खणखणीत विचारायचा, ‘आईचं नाव?’ एरवी अमक्याची आई म्हणून वावरणाऱ्या बायकांची नावं त्या दिवशी चारचौघांत घेतली जायची. पोरं ओशाळून, पुटपुटत सांगायची, आणि तो म्हणायचा, ‘मोठ्यानं!’ माझ्या मित्राच्या आईचं नाव सुशीला आहे हे मला तिथे कळलं, त्यांच्याकडे सहा वर्षं पोहे खाल्ल्यानंतर. त्याचे मार्क आता आठवत नाहीत.

तर ओसरीवर अखेर नंबराचा नाद सोडला आणि नावाने शोधायचं ठरलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, यातलं कशानेही बघता येतं. आमचे आजोबा दत्तात्रय; म्हणजे त्यांच्या मुलांचं मधलं नाव. ते टाकलं. काही नाही. घरातला शुद्धलेखनवाला मी, मी मात्रा देऊन ‘दत्तात्रेय’ टाकायला लावलं. तरी काही नाही. एकीकडे आत्या वाती वळत बसली होती. तिने आयुष्यात कधी स्वतःहून काही गूगल केलेलं नाही. फोन आला तर हिरवं दाबायचं, एवढंच तिला ठाऊक. मान वर न करता ती म्हणाली, ‘आरं, त्याला दत्तात्रय कुणी म्हटलं जल्मात? दत्तू घाल.’

दत्तू घातलं. नाही.

‘ऱ्हस्व करून बघ,’ मी म्हणालो. हे मात्र माझं, बरं का.

‘दत्तु’ टाकल्याबरोबर नावांची यादी उतरली आणि त्यात आमची माणसं निघाली. मग वेड्यावाकड्या अक्षरांची ती ओळ आली, शून्य की ओ यावर चौघांची चार मतं पडली, आणि एकदाचा सातबारा उघडला. काका. बाबा. क्षेत्र, आकार, फेरफाराचे आकडे. काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोन हातभर लांब धरला आणि विहीर आपलीच असल्यासारखे हसले.

‘माझं नाव कुठं हाय?’ आत्याने विचारलं.

ओसरीवरच्या सगळ्या सूचना थांबल्या. पोरग्याने पान खाली नेलं, वर घेतलं, इतर हक्काचा रकाना बोटांनी मोठा करून बघितला. हक्कसोड हा शब्द त्याने अजून ऐकलेला नव्हता. त्याच्या लेखी नाव सापडलं नाही म्हणजे काहीतरी चुकीचं टाकलं गेलं. तो मागे जाऊन परत त्या चौकोनावर आला.

‘आजी, तुझं मधलं नाव कुठलं टाकू? इकडचं का तिकडचं?’

काका चूळ भरायला उठले.

‘दत्तूच घाल,’ आत्या म्हणाली, आणि वातींचं ताट बाजूला सारून फोनजवळ सरकली.