पॅड बांधून बसलेला माणूस

अकलूजच्या माणसाला क्रमवारीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. उसाची तोड कधी मिळेल, यावर इथं घरातलं लग्नसुद्धा पुढंमागं होतं. लागणीची नोंद वेळेत केलेली असते, कारखान्याच्या चिटबॉयकडं हेलपाटे घालून झालेले असतात, आणि एवढं करून तोडणीची टोळी भलत्याच्याच फडात शिरते. तोवर आपल्या उसाला तुरा येतो. तुरा दिसतो देखणा, पण ऊस आतून पोकळ पडत जातो आणि काट्यावर वजन घटतं. चांगला फलंदाज मागं ठेवला की आमचा जीव कासावीस होतो, तो याच हिशेबानं.

10 जुलै 2019. आषाढी दोन दिवसांवर आली होती, तुकोबांची पालखी अकलूज सोडून पंढरीच्या वाटेला लागली होती. तिकडं मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 240 धावा करायच्या होत्या आणि रोहित, कोहली, राहुल एकेक धाव करून परतले होते. 5 बाद 3 नव्हे, 3 बाद 5! पंतच्या जोडीला आता धोनी येणार म्हणून टपरीवरची मंडळी सावरून बसली. आला दिनेश कार्तिक. 25 चेंडूंत 6 धावा करून तोही गेला. आता तरी? आला हार्दिक पंड्या. "आवो, मॅच संपल्यावर पाठवणार का त्याला?" कुणीतरी चहाचा ग्लास आपटला. धोनी सातव्या क्रमांकावर उतरला तेव्हा निम्मा संघ 71 धावांत गारद झाला होता. पुढं जडेजानं 59 चेंडूंत 77 कुटल्या, धोनीनं पन्नास केल्या आणि आपण 18 धावांनी हरलो. शेवट करायला धोनी राखून ठेवला होता म्हणे. पण शेवटापर्यंत सामना शिल्लक राहायला नको?

निकाल कळल्यावर शहाणपण सुचतं, हेही खरंच. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात युवराज ऐन भरात असताना धोनी त्याच्याआधी उतरला. समोर मुरलीधरनची फिरकी, दुसऱ्या टोकाला डावखुरा गंभीर. त्याचा हिशेब पक्का होता. नाबाद 91 झाल्या, म्हणून आपण त्याला धाडस म्हणतो. शून्यावर गेला असता तर युवराजला मागं का ठेवलं म्हणून गावोगाव बोंब उठली असती.

तरीही एक गोष्ट मला पचत नाही. 27 मार्च 1994 ला ऑकलंडमध्ये सलामीवीर सिद्धूची मान आखडली. सचिननं कप्तान अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडं सलामीसाठी हट्ट धरला. दोघांनी ऐकलं, पोरानं 49 चेंडूंत 82 ठोकल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलंबोत त्याचं पहिलं एकदिवसीय शतक आलं, 79व्या सामन्यात. ऑकलंडआधीची सव्वाचार वर्षं तो खाली खेळत होता, उरलेल्या षटकांत जमेल तेवढं करत होता. ती षटकं कुणी परत देणार नाही. आणि हा बदल झाला तो कुणाच्या दूरदृष्टीनं नव्हे, एका आखडलेल्या मानेमुळं!

हरल्याची खंत हंगामागणिक विरते. वाया घालवलेल्या गुणाची विरत नाही. मँचेस्टरचा विषय निघाला की बाकी जग धोनीला धावबाद करणाऱ्या गप्टिलच्या फेकीवर हळहळतं. आमच्या टपरीवर आजही एकच प्रश्न येतो, "पण सातव्याला का?"