तहान

आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात, नावगाव मागाहून. पाण्याला 'नाही' म्हणणाऱ्याला कोणतं पाप लागतं, हे बोलायचीही आपल्याला भीती वाटते. माझ्या मावशीला ते 'नाही' दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागतं, आणि तेही पोटच्या मुलाला.

मावसभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. ऐन विशीत त्याला स्किझोफ्रेनियानं गाठलं. कानांत येणारे आवाज औषधांनी मंदावले. पाणी पुढं काही वर्षांनी सुरू झालं. प्रथम कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाणी पिणाऱ्यावर कोण पहारा ठेवतो? मग माठ दुपारीच रिकामा होऊ लागला. माठ आत ठेवला, तर तो न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावी. तिथं कडी घातली, तर झाडांच्या बादलीपाशी ओंजळ भरताना सापडला. शेजारीण म्हणाली, "पाणीच पितोय ना? दारू तर नाही!" मावशी तेव्हा हसली होती.

एका संध्याकाळी तो झोकांड्या खाऊ लागला, भलतंसलतं बोलू लागला आणि ओसरीवरच त्याला झटका आला. निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं. ह्याचं ११४ वर उतरलं होतं.

डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "आजी, आमटीत पाणी ओतत राहिलं तर काय होईल?"

"अळणी होईल."

"याचं रक्त तसं अळणी झालंय."

मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकतात. त्याहून जास्त झालेलं पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. भोवती कवटी, पसरायला जागा नाही. माणूस दगावतोसुद्धा. "मग मिठाचं पाणी पाजू?" मावशीनं चटकन विचारलं. तर तेही नाही! उतरलेलं सोडियम घाईनं चढलं तरी मेंदूला इजा होते. ते काम इस्पितळातच, मोजूनमापून.

पाण्याच्या ह्या विषबाधेवर अमेरिकेत राउंट्री नावाच्या डॉक्टरांनी १९२३ सालीच लिहून ठेवलं आहे. आमच्या नातलगांचं निदान मात्र एका शब्दाचं: हट्ट. हट्टी मुलं मी वर्गात रोज पाहतो. हे ते नव्हे. कुणाला कानातले आवाजच 'पी' म्हणतात, कुणाला आतलं काही धुऊन काढायचं असतं, काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि कित्येकांचा तहानेचा काटाच बिघडलेला असतो.

आता सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी त्याचं वजन होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापुढं काटा गेला की लगेच रिक्षा. एरवी मावशी घड्याळ बघून त्याला फुलपात्रानं पाणी देते. स्वतःही तेव्हाच पिते, तेवढंच. अधेमधे थेंब नाही. मे महिन्यात गेलो होतो, तिचे ओठ सुकलेले दिसले, म्हणून मी रागावलो. ती हलकेच म्हणाली, "त्याच्यादेखत कशी पिऊ रे?"