चिनी मातीतली कवयित्री

सेंट पीटर्सबर्गला गेलात की हर्मिटेज होणारच. पण एक सकाळ राखून ठेवा आणि मेट्रोनं लोमोनोसोवस्काया स्टेशन गाठा. तिथे नेवा नदीच्या काठी चिनी मातीचा एक कारखाना आहे, थेट १७४४ सालचा. झारचा होता तेव्हा ‘इम्पीरियल’, क्रांतीनंतर सरकारी, १९२५पासून ‘लोमोनोसोव’ आणि २००५पासून पुन्हा ‘इम्पीरियल’! नावं बदलायची हौस काय फक्त आपल्यालाच आहे?

इथलं म्युझियम हर्मिटेजच्याच ताब्यातलं. राजेशाही डिनर सेट मी भराभर मागे टाकले, कारण मला बघायचा होता क्रांतीनंतरचा माल. तेव्हा गोदामात रंगवायच्या राहिलेल्या प्लेट्स पडून होत्या. नव्या सरकारनं त्यांच्यावरच घोषणा रंगवून घेतल्या. प्लेट उलटी केली की झारच्या शिक्क्यावर रंगाचा ठिपका आणि शेजारी विळा-हातोडा! शहरात खायची मारामार आणि १९२१च्या एका प्लेटवर लेनिन, रेशनकार्ड आणि मजकूर काय, तर ‘जो काम करणार नाही, तो खाणार नाही’. जेवायचं कशात मग? यातला बराच माल परकीय चलनासाठी बाहेर विकला गेला.

माझा जीव मात्र अडकला बाहुल्यांमध्ये. नताल्या डान्को ही १९१९पासून इथल्या शिल्पविभागाची प्रमुख. तिचा १९२२चा बुद्धिबळाचा सेट भन्नाट आहे. लाल बाजूचा राजा कामगार, पांढऱ्यांचा राजा चक्क हाडांचा सापळा आणि त्यांची प्यादी साखळदंडात. एकदम ठसठशीत प्रचार!

आणि याच बाईनं १९२४मध्ये घडवली कवयित्री आना आख्मातोवा. रंगवली धाकट्या बहिणीनं, येलेनानं. घोषणा नाही, हातोडा नाही. अंगावर शाल घेतलेली, शांत उभी बाई, बस्स. आख्मातोवाचा पहिला नवरा, कवी गुमिल्योव याला सरकारनं १९२१मध्ये गोळ्या घातल्या होत्या. पुढे १९२५पासून जवळपास १५ वर्षं तिची नवी कविता छापूच दिली नाही. म्हणजे पुस्तकांच्या दुकानातून जिला गायब केलं, तिची बाहुली सरकारी भट्टीतूनच भाजून निघाली होती!

तिला भेटायचं तर फोन्तांका नदीवरच्या ‘फाउंटन हाउस’मध्ये जा. आख्मातोवा इथेच अनेक वर्षं राहिली. १९८९पासून तिथे तिचं म्युझियम आहे. बाहुली फार मोठी नाही, घाईत निसटेल. मी तिच्यासमोर बराच वेळ रेंगाळले.

डान्को बहिणींचं काय झालं? लेनिनग्राडच्या वेढ्यातून दोघींना १९४२मध्ये बाहेर काढलं, पण उपासमारीनं खचलेल्या दोघीही त्याच वर्षी गेल्या. येलेनानं मुलांसाठी चिनी मातीच्या इतिहासावर एक पुस्तकही लिहिलं होतं, ‘चिनी रहस्य’.

आता खरेदीचं. डान्कोच्या हातची जुनी बाहुली आपल्या पगारात विसरा. १९५०च्या दशकात याच कारखान्यानं गोगोलच्या ‘डेड सोल्स’मधली पात्रं काढली. कंजूष प्ल्युश्किन, थापाड्या नोझ्द्र्योव अशी मंडळी. ती शोधा. विकणारा ‘आजीच्या काळातलं, ओरिजिनल’ म्हणाला, तर आधी बाहुली उलटी करा. विळा-हातोडा सुरुवातीच्या वर्षांचा, ‘एलएफझेड’ ही रशियन अक्षरं त्यानंतरची. अर्थात, नकली शिक्के मारणारेही कमी नाहीत. आणि जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी कागद लागू शकतात, ते पैसे मोजायच्या आधी विचारा.